पाव जेसीबी

हरिहरेश्वरात देवदर्शनाचा क्रम ठरलेला आहे. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि निघताना पुन्हा काळभैरव. गावातल्या बांधकामाचाही असाच क्रम आहे. आधी जेसीबीवाला, मग गवंडी आणि शेवटी, उरलेली माती सारायला, पुन्हा जेसीबीवाला. फरक एवढाच की काळभैरव जागेवर भेटतो.

जेसीबीवाल्याला फोन लावावा लागतो, आणि तो उचलण्याची त्याच्यावर सक्ती नाही. उचललाच, तर उत्तराचा अर्थ लावायला अनुभव लागतो. ‘निघतोय’ म्हणजे अजून अंथरुणात आहे. ‘वाटेत आहे’ म्हणजे दुसऱ्याच्या प्लॉटवर आहे. ‘दहा मिनिटांत पोचतो’ म्हणजे आजचा दिवस विसरा. ‘बागमांडल्याला फेरीबोटीत आहे’ याचे मात्र दोन अर्थ होतात, कारण बोट आपल्याकडे येतेय की पलीकडे वेसवीला चाललीय, हे तो सांगत नाही. बाणकोटच्या खाडीवरचा पूल कित्येक वर्षं रखडला, त्यामुळे मंडणगडकडचं मशीन आमच्याकडे यायचं तर असं पाण्यावरून येतं. बोटीत इंजीन बंद, म्हणजे मीटरही बंद. पण मालक म्हणतो, ‘मशीन तुमच्यासाठीच बसून होतं ना?’ श्रीवर्धनचं मशीन आणावं तर ते अठरा-वीस किलोमीटर स्वतःच्या चाकांवर डुलत येणार. मग मीटर श्रीवर्धनपासून धरायचं की आपल्या बेड्यापासून, यावर तासभर वाद होणार. त्या तासाचंही मीटर चालू असतं.

माझा मेव्हणा ठेकेदार आहे. म्हणजे त्याच्याकडे एक मिक्सर, सेंट्रिंगच्या प्लेटा, एक जुना टेम्पो आणि सगळ्या गावाचे राहिलेले पैसे आहेत. चिऱ्याचं कंपाउंड, सेप्टिक टँक, होमस्टेच्या दोन खोल्या, कधी ग्रामपंचायतीचं गटार, अशी त्याची कामं. यातलं एकही काम जमीन खोदल्याशिवाय सुरू होत नाही, आणि खोदाई त्याच्या हातात नाही. गवंडी येऊन बसतात, चहा पितात, वाळूच्या ढिगावर पाय पसरून मोबाईल बघतात. संध्याकाळी हजेरी मात्र पूर्ण लागते. मेव्हणा सकाळपासून फोन कानाला लावून माडाखाली फेऱ्या मारत असतो. त्याच्या त्या फेऱ्यांनी तिथली जमीन आपोआप अर्धा इंच खोदली गेली आहे.

खरी मारामारी असते ती मे महिन्यात. चाकरमानी मुंबईहून आंबे खायला येतात, पडवीत बसून वर बघतात आणि म्हणतात, यंदा काहीतरी करायला पाहिजे. मग टाकी, मोरी, मागची भिंत, गाडी लावायला सपाट जागा, असं सगळं एकदम सुचतं. आणि सगळ्यांना ते मृगाच्या आत हवं असतं. पावसाची तारीख ७ जून आणि चाकरमान्याची रजा संपण्याची तारीख त्याच्याही अलीकडे. त्यामुळे वर्षभराची खोदाई पाच-सहा आठवड्यांत उरकायची असते, तीही मोजक्या दोन-तीन मशीनांनी. त्या काळात जेसीबीवाल्याचा रुबाब जावयापेक्षा जास्त असतो. हाच माणूस सप्टेंबरात आपणहून फोन करून ‘काय दादा, काही काम निघालं का’ असं विचारतो, पण सप्टेंबरात गणपतीच्या मखरापलीकडे कोणाला काही बांधायचं नसतं.

मेव्हण्याच्या डोक्यात मशीन शिरलं ते मात्र मे महिन्यात नाही, जूनमध्ये. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं हा किनारा झोडपला, तेव्हा पोफळी, माड आणि विजेचे खांब एकमेकांच्या गळ्यात गळे घालून रस्त्यावर पडले होते. वर टाळेबंदी. दिवे नाहीत, फोन नाही, पिढ्यान् पिढ्यांच्या वाड्या दुपारभरात आडव्या. काही दिवसांनी रस्ता मोकळा करत पहिला जेसीबी गावात शिरला, तेव्हा लोक त्याच्याकडे पालखीकडे बघावं तसे बघत होते. माझ्या सासूबाईंनी ऑपरेटरला ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं. आपल्या आईच्या डोळ्यांत आपल्याविषयी कधी न दिसलेला आदर मेव्हण्यानं त्या दिवशी एका परक्या ऑपरेटरसाठी दाटलेला पाहिला. माझ्या मते सगळं तिथून सुरू झालं. पुढे त्यानं जी कारणं सांगितली, ती सगळी नंतर गोळा केलेली.

मी बँकेत कर्जखात्यात होतो, त्यामुळे सासरकडचा कुठलाही हिशेब माझ्याकडे येतो. निर्णय येत नाही, फक्त हिशेब येतो. मेव्हणा कोटेशन घेऊन आला. बॅकहो लोडर, पुढे मोठी बकेट, मागे खोदायचा हात, सुमारे पाऊणशे अश्वशक्ती, वजन साडेसात टनांच्या आसपास. सगळं धरून ३५ लाखांच्या घरात. त्यातले ७ लाख खिशातले, २८ लाखांचं कर्ज.

“खिशातले म्हणजे कोणाच्या?” मी विचारलं.

“ते बघू आपण, भावोजी,” तो म्हणाला. या ‘आपण’नं मी सावध झालो.

कागदावर मांडलं. २८ लाख, ११ टक्के व्याज, ४८ महिने, म्हणजे हप्ता ७२ हजारांच्या थोडा वर. ऑपरेटर आणि हेल्पर मिळून ३६ हजार. विमा आणि कागदपत्रांचे महिन्याला ५ हजार धरा. म्हणजे बकेट जमिनीला टेकायच्या आधी महिन्याचे १ लाख १३ हजार गेले. आता मिळकत. तासाला १,३०० रुपये भाडं धरलं, तर त्यातले सव्वाचारशेच्या वर डिझेलला जातात, दीडशे ऑइल, ग्रीस, फिल्टर, टायर आणि बकेटच्या दातांना. उरले ७२०. म्हणजे नुसतं बरोबरीत राहायला महिन्याला १५७ तास काम हवं. पण आपल्याकडे चार महिने पाऊस. पावसात मशीन थांबतं, हप्ता थांबत नाही, आणि ऑपरेटर टिकवायचा तर त्यालाही घरी बसून पगार द्यायचा. तेव्हा उरलेल्या आठ महिन्यांत दर महिन्याला २३६ तास. रोज नऊ तास धरले, तर रविवार सोडून सगळे दिवस.

“तुझं स्वतःचं काम किती तासांचं असतं?”

त्यानं आढ्याकडे बघून मोजलं. “चांगल्या महिन्यात चाळीस.”

चाळीस तासांचे भाड्याचे ५२ हजार. आठ महिन्यांचे चार लाखांच्या थोडे वर. स्वतःचं मशीन घेतलं तर वर्षाला साडेतेरा लाख नुसते उभं राहण्याचे, डिझेल वेगळं. इतका स्वच्छ हिशेब नोकरीत असताना माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. कुठल्याही बाजूनं उलटापालटा करून पाहा, उत्तर एकच येत होतं. मी कागद त्याच्याकडे सरकवला. त्यानं तो नीट वाचला, मान डोलावली, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, “म्हणजे १९६ तास बाहेरून आणायचे. बस?”

त्या ‘बस?’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कर्जखात्यातल्या अनुभवावरून सांगतो, माणूस हिशेब विचारायला येतो तेव्हा त्याचं ठरलेलं असतं. त्याला फक्त किती मोठ्या आकड्याकडे दुर्लक्ष करायचंय तेवढं कळून घ्यायचं असतं.

घरात या विषयावर शहाणपणाचं एकच वाक्य बोललं गेलं, आणि ते वहिनींचं होतं. त्या आतून म्हणाल्या, “सात लाखांत मागच्या अंगाला दोन खोल्या निघतात. खोलीला डिझेल लागत नाही.” हरिहरेश्वरात शनिवार-रविवारी खोली मिळत नाही म्हणून लोक गाडीत झोपतात, त्यामुळे हे वाक्य खोडून काढण्यासारखं नव्हतं. म्हणून कोणी खोडलं नाही. सगळ्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि चहा मागितला.

मग मेव्हण्यानं इतिहास काढला. हरिहरेश्वर हे पेशव्यांचं कुलदैवत आणि भट घराणं मूळचं इथल्याच श्रीवर्धनचं, त्यामुळे आमच्याकडे कोणीही अडचणीत आला की पेशव्यांमागे जाऊन उभा राहतो. “बाजीरावांनी कर्ज काढलं नव्हतं?” तो म्हणाला. “फौज काय रोखीनं उभी केली?”

हा मुद्दा त्यानं नको तिथे काढला, कारण तो माझ्या बाजूचा होता. थोरले बाजीराव कर्जात इतके बुडालेले होते की सावकारांच्या तगाद्यानं जीव नकोसा झाल्याचं त्यांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना पत्रांतून कळवलं आहे. आणि गंमत म्हणजे हे स्वामी स्वतःही त्यांच्या धनकोंपैकी एक. पेशव्यांचा धंदा तरी वेगळा काय होता? दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, आठ महिने मुलूखगिरी करायची, पावसाळ्याला छावणी. घोडी चार महिने उभी राहून चंदी खाणार, शिलेदार पगार मागणार, सावकार व्याज मोजणार. फरक इतकाच की बाजीरावांना माळव्याची चौथाई मिळायची शक्यता होती. मेव्हण्याच्या मुलूखगिरीच्या टप्प्यात फार तर म्हसळा येत होता, आणि म्हसळ्यात आधीच मशीनं उभी होती.

“पण त्यांनी अटकेपार झेंडे लावले ना!” मेव्हणा म्हणाला.

ते बाजीरावांनी नाही, त्यांच्या पाठीमागे राघोबादादांनी, आणि त्या मोहिमेतूनही कर्जच परत आलं, असं मी सांगणार होतो. पण तेवढ्यात कंपनीच्या एजंटाचा फोन आला.

हा एजंट म्हणजे इस्त्रीच्या शर्टातला एक हसतमुख तरुण. त्याला कोणी तरी पढवून पाठवलं होतं की ग्राहकाला आकडे सांगू नका, गोष्ट सांगा. त्यानं गोष्ट सांगितली. जोसेफ सिरिल बॅम्फर्ड नावाच्या माणसानं १९४५ साली इंग्लंडात, स्टॅफर्डशरमधल्या उटॉक्सिटर गावी, भाड्याच्या बारा बाय पंधरा फुटी गॅरेजात धंदा सुरू केला. लढाईत उरलेल्या भंगारातून पहिला ट्रेलर जोडला आणि मुलगा जन्मला त्याच दिवशी ४५ पौंडांना विकला. त्याच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे जेसीबी. १९७९ पासून कंपनी भारतात, आधी हरियाणात बल्लभगडला, मग आपल्या तळेगावलाही कारखाना. मेव्हणा भारावून ऐकत होता. मुलाच्या जन्माची गोष्ट ऐकताना त्यानं बालवाडीतल्या आपल्या धाकट्या लेकीकडे पाहिलं, आणि मशीनला तिचंच नाव द्यायचं हे त्या क्षणी ठरलं. नावापुढे ‘अर्थमूव्हर्स’.

मी एवढंच विचारलं की बॅम्फर्डनं पहिलं वेल्डिंग यंत्र केवढ्याला घेतलं होतं. एजंटानं प्रामाणिकपणे मोबाईलवर शोधलं. जुनं, सेकंडहँड, एक पौंडाला. त्यानंतर तो माझ्याकडे बघून बोलेनासा झाला.

टपरीवरचं सल्लागार मंडळ मात्र नव्या मशीनच्या विरुद्ध होतं. जुनं घ्या, असं सगळ्यांचं मत. जुन्या मशीनची पारख करायची प्रत्येकाची वेगळी तऱ्हा. एक जण टायरला लाथ मारतो, एक जण बूम वर घेऊन हलवून बघतो आणि पिन-बुश गेलेत म्हणून मान हलवतो, तिसरा धुराचा रंग बघतो, चौथा मालकाचा चेहरा. दोन-तीन मशीनं बघून झाली. विकणारा प्रत्येक जण सांगायचा की मशीन एकहाती चाललंय आणि खडकाला कधी लावलेलं नाही. रायगड जिल्ह्यात खडकाला न लागता सहा हजार तास चाललेलं मशीन म्हणजे ते नक्की कुठे चाललं असेल, हा प्रश्न कोणी विचारला नाही. कदाचित समुद्रात.

जोडधंद्यांची यादीही टपरीवरच तयार झाली. जेसीबीचं काम बघायला हल्ली माणसं जमतात. २०१९ मध्ये त्यावरून देशभर विनोदांची लाट आली होती, पण आमच्याकडे ते आधीपासूनच आहे. खड्डा एकाचा आणि बघणारे बावीस. एकानं सुचवलं की नेत्यांच्या स्वागताला मशीन भाड्यानं द्यावं. बकेटमध्ये झेंडू भरून वरून उधळायचा, आजकाल सगळीकडे तसंच करतात. सूचना चांगली होती. अडचण एवढीच की हरिहरेश्वरात नेते येतात ते बहुतेक वादळानंतर, आणि तेव्हा फुलं उधळणं बरं दिसत नाही.

शिवाय सागरी महामार्ग. रेवस-रेडी मार्ग आणि त्यावरचे खाड्यांवरचे पूल यांची गोष्ट इथली माणसं बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून ऐकताहेत. एकदा तो रस्ता सुरू झाला की मशीनला बसायला वेळ मिळणार नाही, यावर टपरीचं एकमत होतं. मी म्हटलं, त्या रस्त्याचे ठेकेदार आपली मशीनं आणतात, पोकलेन आणतात, डंपरांचा ताफा आणतात; आपल्या एकट्या बॅकहोला तिथे बाजूचं गवत काढायलाही बोलावणार नाहीत. त्यावर एक जण म्हणाला, “तुम्ही बँकेतली माणसं फार निगेटिव्ह.”

एवढ्या चर्चेत जमिनीचा विचार कोणी केलाच नव्हता. हरिहरेश्वर काही पठार नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या पट्टीत घरं आणि वाड्या. वाड्यांमधून ज्या पाखाड्या जातात, त्या डोक्यावर नारळाचं ओझं घेतलेल्या माणसाच्या मापानं बांधलेल्या आहेत. सव्वादोन मीटर रुंदीचं मशीन तिथे शिरायचं तर कोणाचा तरी गडगा पाडावा लागतो. गडगा सामाईक असतो. त्याच्या एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूच्या माणसाशी वडिलांच्या वेळेपासून बोलत नसतो, आणि गडगा नक्की कोणाचा हे बघायला सातबारा काढावा तर त्यावर सत्तावीस नावं. त्यातली नऊ स्वर्गवासी, अकरा मुंबईत, एक बडोद्याला, आणि जे गावात आहेत त्यांची एकमेकांवर दिवाणी केस. पाया खोदायला दोन तास लागतात आणि मशीन पायापर्यंत न्यायला दोन पिढ्या.

आत पोचलंच तर खाली काय लागेल ते कोणी सांगू शकत नाही. वर जांभा लागला तर बरं, बकेटचे दात झिजतात पण काम होतं. खाली काळा कातळ लागला की बकेट नुसती खरवडत बसते, मग ब्रेकर लावावा लागतो. ब्रेकर वेगळा, त्याचे काही लाख वेगळे, आणि त्याच्या दणक्यानं शेजारच्या भिंतीला गेलेला तडा पूर्वीपासून होता की आत्ता पडला, याची केस पुन्हा वेगळी. आणि वर खारा वारा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर लोखंड उभं करायचं आणि चार महिने ताडपत्रीखाली ठेवायचं म्हणजे काय होतं, हे इथल्या कुठल्याही खिडकीच्या गजाला विचारावं.

देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर मी मेव्हण्याला मुद्दाम घेऊन गेलो होतो. ओहोटी होती. लाटांनी कातळ कोरून काढलाय, जाळीच्या जाळ्या पाडल्यात, मोठमोठ्या शिळा कापून बाजूला सारल्यात. भरतीला ही वाट बंद होते, म्हणजे काम चालू होतं. मी म्हटलं, “बघ, हा इथला सगळ्यात जुना खोदाईवाला. ऑपरेटर नाही, डिझेल नाही, हप्ता नाही. आणि तरीही अजून याचं काम पुरं झालेलं नाही.” मेव्हण्यानं बराच वेळ त्या जाळ्यांकडे पाहिलं. मला वाटलं, बाण लागला. तो म्हणाला, “भावोजी, इथे ब्रेकरच लागला असता.”

शेवटी प्रकरण गावदेवीकडे गेलं. कौल लावला. गुरवानं पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, मशीन घ्यायचं मनात आहे, होणार असेल तर उजवा दे. उजवा मिळाला. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बाहेर येताना मी गुरवाला हळूच विचारलं की कर्ज फिटेल का, हे का नाही विचारलं. गुरव अनुभवी माणूस. म्हणाला, “विचारलं तेवढ्याचंच उत्तर मिळतं.” माझ्या वेळी आमच्या बँकेचंही हेच धोरण होतं.

आता अडचण एकच उरली होती, ती म्हणजे पैसे. आणि इथे हे प्रकरण खास आमच्या पद्धतीनं सुटलं. गावात आणि आसपास मेव्हण्यासारखेच आणखी तीन ठेकेदार आहेत. चौघंही त्याच फोनच्या मागे, चौघांचेही गवंडी वाळूच्या ढिगावर. टपरीवर एका संध्याकाळी चौघांच्याही लक्षात आलं की आपण एकाच माणसाला शिव्या देतोय. चौघांत मिळून घ्यावं. खिशातले प्रत्येकी पावणेदोन लाख, हप्त्याचे प्रत्येकी १८ हजार. मी पुन्हा कागद घेतला. चौघांचे चाळीस-चाळीस मिळून १६० तास. २३६ ला अजूनही ७६ कमी पडत होते, पण इतका जवळ हा हिशेब पूर्वी कधी आला नव्हता. मी प्रामाणिकपणे तसं सांगितलं. त्याला त्यांनी माझी संमती मानलं.

भागीदारीचा करार स्टँपपेपरवर झाला आणि तो लिहायला मशीन निवडण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मशीन रात्री कोणाच्या आवारात उभं राहणार? ज्याच्या आवारात राहणार, त्यानं भाडं घ्यायचं की द्यायचं? एका गृहस्थांचं म्हणणं, माझं अंगण खचतंय, मला पैसे द्या. दुसरे म्हणाले, पाहुण्यांवर छाप पडतेय ती फुकट का? पावसाळ्यात ताडपत्री कोणाची? दात कोणाच्या आठवड्यात झिजले हे कसं ठरवायचं? नावाचा प्रश्न चौघांच्याही मुलींवरून अडला, आणि शेवटी मशीनवर चार देवांची नावं आली. कोणाच्या कुलदैवताचं नाव बूमवर आणि कोणाचं मागच्या काचेवर, यावर एक बैठक वाया गेली. पेणला पासिंग होऊन, एमएच ०६ ची पाटी लावून मशीन गावात आलं, तेव्हा सातबाऱ्याप्रमाणेच त्याच्यावरही मालक जास्त आणि जागा कमी अशी स्थिती झाली होती.

पूजा दणक्यात झाली. झेंडूची माळ, पुढच्या बकेटवर स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. साडेसात टनांनी ती लिंबं चिरडली तेव्हा गुरव सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मेव्हणा पुढे झाला, मोबाईल काढला आणि सगळ्यांच्या देखत जुन्या जेसीबीवाल्याचा नंबर पुसून टाकला. बाकी तिघांनीही तसंच केलं. नारळ फोडताना झाला नव्हता एवढा जल्लोष त्या वेळी झाला. माझी खात्री आहे की ३५ लाखांतले निदान दहा तरी त्या एका क्षणासाठी मोजलेले होते, आणि ते अगदीच वाया गेले असं मी म्हणणार नाही.

मशीन आलं, पण खरे मालक आठवडाभरानं आले. तो ऑपरेटर. झारखंडचा, कृश, बोलायला मऊ, आणि लिव्हरवर हात ठेवला की बकेटनं जमिनीवरचं नाणंही उचलून दाखवील असा. चार मालकांना तो चार वेगवेगळ्या गोष्टी सांगायचा आणि चौघांनाही ‘सेठ’ म्हणायचा. त्याच्या चहापासून चिकनपर्यंतची सोय ज्याच्याकडे मशीन त्याची. वहिनी म्हणाल्या, आमच्या लग्नात नवऱ्याकडच्यांचं इतकं केलं नव्हतं. तासांची नोंद ठेवायला मेव्हणा साइटवर प्लास्टिकच्या खुर्चीत छत्री घेऊन बसू लागला. मशीनमालक झाल्यापासून त्याचं एकच काम वाढलं, बसण्याचं. भाड्याच्या मशीनच्या वेळी तो निदान फेऱ्या तरी मारायचा. शिमग्याला ऑपरेटर गावी गेला तो ‘दस दिन’ म्हणून गेला. तेवढ्या काळात चौघांनीही मशीन चालवायचा प्रयत्न केला. त्यात पडलेल्या एका गडग्याची केस अजून चालू आहे.

बाहेरची कामं आली, नाही असं नाही. पण पैसे ‘गणपतीनंतर’. गणपती होऊन गेले की ‘शिमग्याला मुलगा येईल तेव्हा’. हप्त्याला मात्र पाच तारीख सोडून दुसरा सण माहीत नाही.

आणि मग मे महिना आला. चाकरमानी पडवीत बसले, वर बघून झालं, आणि चौघाही भागीदारांना एकदम कामं आली. सगळ्यांना मृगाच्या आत खोदाई हवी. करारात आठवड्याची पाळी लिहिलेली होती, पण कोणाचा आठवडा आधी हे लिहायचं राहून गेलेलं. देवळात चिठ्ठ्या टाकल्या. एकाची पहिल्या आठवड्याची निघाली, दोघांची मधली. मेव्हण्याच्या चिठ्ठीत ८ जून निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. पडवीत बसला. उकाड्याविषयी बोलला, फणसाविषयी बोलला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, “भावोजी, त्या... श्रीवर्धनवाल्याचा नंबर आहे का हो तुमच्याकडे?”

मी दिला. मी कोणाचा नंबर पुसत नाही, ही बँकेतली सवय. त्यानं तिथूनच फोन लावला आणि पहिल्याच घंटीला उचलला गेला, तेव्हा तो इतका दचकला की बोलायचं विसरला. पलीकडून आपणहून आवाज आला, “बोला शेठ, कुठे यायचंय?” चौघांची कामं हातची गेल्यापासून त्या माणसाचं मशीन अर्धा वेळ उभंच असायचं. आज हातातलं काम संपतंय, उद्या सकाळी आठला येतो म्हणाला. मीटर तुमच्या बेड्यापासून लावतो म्हणाला. आणि तासाला शंभर कमी.

मेव्हण्यानं फोन खिशात ठेवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग उठता उठता म्हणाला, “बाकीच्या तिघांना मात्र सांगू नका हं.”

मी मान डोलावली. त्यातले दोघे सकाळीच येऊन तोच नंबर घेऊन गेले होते, आणि जाताना दोघांनीही मला हेच बजावलं होतं.